तुरुंगात गोधडी आणि माती शिकवायची असेल तर

जेलमध्ये जाऊन काहीतरी शिकवावं असं बऱ्याच जणांना वाटतं. आर्ट टीचर असतात, रिटायर झालेल्या मावश्या-काकू असतात, कॉलेजची पोरं असतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की सुरुवात कुठून करायची, तर एकदाच सगळं लिहून टाकते. मी बायकांना गोधडी आणि पुरुषांना शाडूची माती शिकवते त्यामुळे उदाहरणं त्याच दोन गोष्टींची येतील, तुम्ही क्रोशा, वारली नाहीतर मणीकाम शिकवणार असाल तर तुमच्या हिशेबाने फेरफार करून घ्या.

आधी हे डोक्यात पक्कं करा की जेलमध्ये कैदी रिकामे बसलेत आणि आपण जाऊन त्यांना काम देणार आहोत असं काही नाहीये. येरवडा, नाशिकरोड, नागपूर अशा मध्यवर्ती कारागृहांत अख्खे कारखाने चालतात, सुतारकाम, हातमाग, शिलाई, सरकारी ऑफिसांची टेबलं-खुर्च्या तिथून जातात. नाशिकरोडला शाडूचे गणपती होतात, कळंबा जेलमधल्या कैद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत. याची मजुरी मिळते, आणि ती रास्त असावी आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा असं सुप्रीम कोर्टाने १९९८ साली गुजरातच्या केसमध्ये सांगितलेलं आहे. चांगलंच आहे ते. पण कारखान्यात माप ठरलेलं, रंग ठरलेला, डिझाइन वरून आलेलं. आणि जेलमध्ये एरवीही माणूस कधी उठणार, काय खाणार, कुणाच्या शेजारी झोपणार, दिवा कधी बंद होणार, सगळं दुसरंच कोणीतरी ठरवतं. म्हणून माझा नियम असा आहे की क्लासच्या प्रत्येक तासात निदान एक निर्णय त्या बाईचा किंवा त्या माणसाचा स्वतःचा असला पाहिजे, भले तो निळा तुकडा की हिरवा एवढाच का असेना, आणि दुसरं म्हणजे हातात घेतलेली वस्तू पुरी झाली पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

परवानगी

गेटवर जाऊन "मला शिकवायचंय" म्हणून काही होत नाही. अधीक्षकांच्या नावाने अर्ज द्यायचा, आणि बऱ्याचदा तो पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाऊन येतो, त्यामुळे वेळ लागतो, चिडू नका. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा आधीपासून आत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या मार्फत गेलात तर सोपं पडतं, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे त्यांना माहीत असतं. अर्जात "सर्जनशील अभिव्यक्तीतून पुनर्वसन" असलं जड काही लिहू नका, त्यापेक्षा काय सामान आत येणार, कोणती हत्यारं, किती नग, किती माणसं, किती वाजता, एवढं एका पानात स्वच्छ लिहा. जेलरसाहेबांना तुमची तळमळ नको असते, त्यांना हे कळायला हवं असतं की या बाईमुळे आपल्या डोक्याला ताप होणार नाही.

वेळ त्यांच्या दिनक्रमाप्रमाणे घ्या. सकाळी बराक उघडते, मोजणी होते, जेवण आपल्यापेक्षा खूप लवकर, दुपारी परत बंदी म्हणजे बराकीला टाळं, संध्याकाळचं जेवणही उजेड असतानाच आणि मग रात्रभर टाळं. म्हणजे सकाळचा नाश्ता ते जेवण हा एक तुकडा आणि दुपारची बंदी उघडल्यापासून संध्याकाळच्या मोजणीपर्यंत दुसरा. तुमचा दोन तासांचा क्लास झडती आणि सामान मोजण्यात जाऊन सव्वा तासाचा उरतो, प्लॅन सव्वा तासाचाच करा.

मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह, कॅश, तंबाखू, यातलं काहीही पर्समध्ये राहिलंय का ते घरून निघतानाच बघा. पुरुष शिक्षकाला महिला विभागात महिला पोलिसांशिवाय जाता येत नाही आणि ते बरोबरच आहे.

समोर कोण बसलंय

बहुतेक नवीन लोक सहा महिन्यांचा सिलॅबस बनवून आणतात. तो बाजूला ठेवा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन अजून केस चालू असलेले. कच्चा कैदी आज तुमच्यासमोर आहे, उद्या जामीन झाला की गेला, किंवा दुसऱ्या जेलला ट्रान्सफर झाला, किंवा ऐन क्लासमध्ये नाव पुकारलं जातं आणि व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, कोर्टाच्या तारखेला जावं लागतं. तारीख लागून परत आलेल्या माणसाचा मूड काय असेल सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तू एक ते तीन बैठकांत संपेल अशीच घ्या. जन्मठेपेवाले वेगळे, त्यांच्याकडे वेळ आहे, त्यांना मोठं काम द्या आणि हळूहळू त्यांनाच शिकवायला बसवा, पण क्लासचा पाया त्यांच्यावर धरू नका.

कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नसते, तो तुमच्याकडे स्वतःहून येतो, तेव्हा हजेरीवरून कुणाला बोलायचं नाही. काहीजण नुसते बराकीबाहेर पडायला मिळतं म्हणून येतात. येऊ दे की. कोपऱ्यात बसून बघणारा माणूस पण काही दिवसांनी हात घालतोच असं नाही, पण बऱ्याचदा घालतो.

बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नाही आणि मुंबईच्या बाजूच्या जेलांत तर भाषाही चार-पाच असतात, म्हणून छापील सूचना वाटण्यात अर्थ नाही. मी एका पुठ्ठ्यावर तेच काम पाच टप्प्यांत अर्धवट करून चिकटवते, नुसता कापलेला, मग कच्चा टाका घातलेला, असं करत करत पुरं झालेलं. लोक ते हातात घेऊन उलटसुलट करून बघतात आणि विचारायचं ते विचारतात.

सामान, आणि मोजणे, मोजणे, मोजणे

हे कंटाळवाणं आहे पण क्लास बंद पडतो तो यामुळेच. एक सुई हरवली की पूर्ण बराकीची झडती होते आणि त्याचा राग तुमच्यावर नाही, त्या बायकांवर निघतो. म्हणून फोमच्या तुकड्यावर नंबर टाकायचे आणि प्रत्येक नंबरावर एक सुई टोचायची, देताना नंबर आणि नाव रजिस्टरला, घेताना परत तसंच, आणि हे हवालदार मॅडमच्या समोर, त्यांची सही घेऊन. सुई मोडली तर दोन्ही तुकडे परत आले पाहिजेत. अंगुस्तानं पण मोजायची. शेवटची पंधरा मिनिटं यासाठीच ठेवा, घाईघाईत मोजलं की चुकतं.

कात्री शक्यतो एकच, बोथट टोकाची, आणि ती तुमच्याकडे. त्यापेक्षा दोरे घरूनच हातभर लांबीचे कापून न्या आणि तुकडे पण कापूनच न्या, म्हणजे कात्रीचं काम जवळपास उरतच नाही. लांब दोरी, जाड लोकरीची गुंडी अख्खी कुणाकडे देऊ नका, कारण सांगायची गरज नाही. मॅक्रमे, म्हणजे दोऱ्यांच्या गाठी मारून करायचं काम, मला फार आवडतं, पण जेलमध्ये मी ते नेत नाही.

थिनर, टर्पेंटाइन, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, उग्र वासाचे सगळे चिकटवायचे पदार्थ बाद, हुंगून नशा होते. पाण्यातले रंग आणि फेविकॉल चालतं. कागदकामाला मी मैद्याची खळ करते, स्वस्त पडते, फक्त किडा लागू नये म्हणून घरी आपण त्यात मोरचूद टाकतो तेवढं इथे अजिबात टाकायचं नाही, ते विष आहे.

इंग्लंडमध्ये फाइन सेल वर्क नावाची संस्था १९९७ पासून कैद्यांकडून भरतकाम करून घेते, त्यात कैदी आपापल्या कोठडीत बसून काम करतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे एकेका बराकीत कितीतरी माणसं दाटीने झोपतात, तिथे सुई आत न्यायला मिळेल ही अपेक्षा धरू नका. काम क्लासमध्येच होणार, सामान कपाटात बंद होणार. खुल्या कारागृहांत, म्हणजे पैठण, मोर्शी, विसापूर वगैरे, तिथे मोकळीक जास्त असते, बांबूकाम वगैरे कोयता लागणारी कामं करायची असतील तर तिथे विचारून बघा.

तसं बघितलं तर कमी सामानात डोकं जास्त चालतं. गांधीजी येरवड्यात असताना पेटीत घडी होऊन बसेल असा चरखा घडत गेला, त्याला अजून येरवडा चरखाच म्हणतात.

गोधडी

पूर्ण गोधडी घेऊ नका, एक फुटाचा चौकोन घ्या. चौकोन पुरा झाला की वस्तू पुरी झाली, आणि नंतर पाहिजे तर असे चौकोन जोडून मोठी गोधडी होते. कुणाला मधेच जामीन झाला तरी तिचं काम अर्धवट लोंबकळत राहत नाही.

जुन्या साड्या फक्त सुती घ्या. सोसायटीत सांगितलं की लोक गठ्ठेच्या गठ्ठे देतात आणि त्यात निम्म्या सिंथेटिक निघतात, त्यावर सुई सरकते, थर सरकतात आणि नवशिकी बाई वैतागते. जरीचे काठ कापून टाका, टोचतात. धुऊन, उन्हात वाळवून, कापूनच आत न्या, कारण अख्खी साडी म्हणजे गेटवर प्रत्येक घडी उलगडून झडती, आणि सहा वार कापड आत न्यायला कोणी देणारही नाही.

खाली एक थर, मध्ये जुन्या धोतराचा किंवा मऊ साडीचा एक-दोन थर, वर रंगीत तुकडे. आता इथे थांबायचं. तुकड्यांचा ढीग मध्ये ओतायचा आणि गप्प बसायचं, "हे यावर छान दिसेल हो" असं चुकूनही म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी तुकडे निवडायलाच अर्धा तास जातो, काहीजणी तुमच्याकडेच बघत बसतात की मॅडम सांगतील, काही शेजारणीचं बघून तसंच घेतात. घेऊ दे. ही निवड म्हणजेच तुमचा क्लास आहे, शिवण काय, निम्म्याजणींना तुमच्याहून चांगली येते. खेड्यातून आलेल्या बायांना तर गोधडी आईच्या घरची माहीत असते, त्यांना धावदोरा शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिका आणि पुढच्या वेळी त्यांनाच नवीन मुलींजवळ बसवा.

तुकडे लावले की मोठा कच्चा टाका घालून सगळे थर धरून घ्यायचे, हे टाळलं की खालचा थर गोळा होतो. मग कडेपासून सुरू करून आत आत चौकोनात धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वाकडा गेला तरी उसवायला लावू नका, उसवायला लावणारी माणसं त्यांच्या आयुष्यात भरपूर झालीत. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या बायांचा हात थरथरतो, त्यांना मोठ्या भोकाची सुई आणि मोठा टाका द्या, तोही छान दिसतो.

बसायची जागा त्यांना निवडू द्या. बराकीत गट असतात, भांडणं असतात, तुम्हाला ती कळणार नाहीत, तुम्ही मैत्री घडवायला म्हणून दोघींना शेजारी बसवाल आणि हातात सुया असतील. चौकोन जोडून मोठी गोधडी करायची वेळ आली की मात्र चार बाजूंनी चौघी बसतातच, आपल्याकडे गोधडी तशीच शिवतात, आणि मग गप्पा आपोआप निघतात, कधी रडणंही निघतं. त्या वेळी तुम्ही काऊन्सिलर होऊ नका, शिवत राहा, आणि फारच वाटलं तर बाहेर आल्यावर तिथल्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला सांगा.

महिला विभागात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ राहतात. लहान मूल आणि सुई एका ठिकाणी नको, म्हणून मुलांच्या बालवाडीची वेळ बघून क्लास ठेवा, नाहीतर एकजण जोडीला न्या आणि मुलांना मातीचा गोळा द्या.

माती

पुरुषांना शाडू आवडते, का ते माहीत नाही पण हात लावल्याबरोबर लोक शांत होतात. हत्यार लागत नाही, बोटं आणि आइस्क्रीमची काडी पुरते, बिघडलं तर पाण्यात टाकून परत माती. पावडर आदल्या दिवशी भिजवून, मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. भरीव मोठं काही करायला देऊ नका, वाळताना तडकतं, मुठीएवढं करा किंवा आतून पोकळ. वाळवायचं सावलीत, आणि वाळवायला ठेवलेलं कुणी हलवणार नाही अशी जागा आधी मागून घ्या. भट्टी काही मिळत नाही, त्यामुळे वस्तू कच्ची राहणार हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. रंगाला गेरू, हळद, चुना किंवा पोस्टर कलर.

एक गोष्ट तुम्हाला सुचणार नाही पण जेलवाल्यांना पहिली सुचते. मऊ मातीत किल्लीचा ठसा घेता येतो. म्हणून गोळे मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि ओली माती कुणाच्याही हातून बराकीत जाऊ द्यायची नाही. हे तुम्ही स्वतःच अधीक्षकांना सांगितलंत तर त्यांचा तुमच्यावर एकदम विश्वास बसतो.

"तुमच्या भावना मातीतून व्यक्त करा" असं म्हणालात की पूर्ण क्लास तुमच्याकडे बघत बसेल, नाहीतर सगळे मिळून तुरुंगाचे गज बनवतील कारण तुम्हाला तेच हवंय असं त्यांना वाटतं. वस्तू मागा. घरातलं एक भांडं करा, गावातल्या देवळाची पायरी करा, तुम्ही चालवायचात ते वाहन करा. एकाने रिक्षा केली तर त्याला विचारा मीटर कुठल्या बाजूला असतो, आरसा कसा, आणि बघा तो किती बोलतो. घर हा विषय मात्र सगळ्यांना लादू नका, काहींची केसच घरातली असते. पहिल्या काही बैठकांत गणपती, साईबाबा, बदाम आणि मुलांची नावं, हेच येणार, नाक मुरडू नका.

बोलायचं काय, नाही काय

गुन्हा विचारायचा नाही. कधीच नाही. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, पुढे प्रश्न नाहीत, आणि घरी जाऊन नेटवर नाव शोधायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे पण शोधलंत की पुढच्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. "ताई" म्हणतील, "मॅडम" म्हणतील, तुम्हीही दादा, मावशी, आहो-जाहो करा, नंबराने किंवा एकेरी हाक मारू नका. निरोप, चिठ्ठी, फोन नंबर, काहीही बाहेर आणायचं नाही आणि आत न्यायचं नाही, कितीही साधं वाटलं तरी. वकिलाचं विचारलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो एवढं सांगा आणि तिथल्या ऑफिसला कळवा. क्लासला आलात तर शिक्षेत सूट मिळेल असं तर तोंडातूनही काढू नका, ते आपल्या हातात नाही.

वस्तू कुणाची

हे पहिल्याच मीटिंगला अधीक्षकांशी ठरवून घ्या, नंतर भांडण होतं. मी असं मागते की पहिली वस्तू करणाऱ्याचीच, ती त्याने मुलाखतीला येणाऱ्या घरच्यांना द्यावी. ज्या जेलमध्ये मुलांच्या गळाभेटीचा कार्यक्रम होतो, म्हणजे कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेऊन भेटता येतं, तिथे त्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपासून बघा, कधीही न आलेली माणसं क्लासला येतात आणि मातीचा बैल करून मागतात. पुढच्या वस्तू विकायच्या असतील तर त्या जेलच्या विक्री केंद्रातून किंवा दिवाळीच्या प्रदर्शनात जाव्यात आणि पैसे करणाऱ्याच्या खात्यावर, तेही लेखी. आणि जाहिरातीत कैद्याचा फोटो-नाव-कहाणी लावून दया विकू नका. गोधडी चांगली असेल तर गोधडी म्हणून विकली जाते.

बाहेर पडल्यावर

इथे आपल्यातले बरेच क्लास ढिले पडतात. दोन गोष्टी आतापासून करून ठेवा. एक, सर्टिफिकेट देणार असाल तर ते आयटीआयचं किंवा एखाद्या प्रशिक्षण संस्थेचं असू द्या आणि त्यावर कारागृहाचं नाव किंवा पत्ता कुठेही नको, जेलचा शिक्का असलेला कागद कोणी मालकाला दाखवत नाही, तो ट्रंकेत राहतो. दोन, शिकवताना विचारत राहा की तुमच्या तालुक्याच्या बाजारात हे सामान मिळतं का, शिलाईचं मशीन घरी आहे का, गणपतीच्या सीझनला पेणला किंवा जवळच्या कारखान्यात हात लागतात का. ज्याला हे मिळणार नाही त्याला दुसरं काही शिकवा, किंवा सरळ सांगा की हे पोटापाण्याचं नाही, मन रमवायला आहे. तेही चालतं लोकांना, खोटी आशा चालत नाही.

आणि सुटलेल्या कुणी फोन केला तर घ्यायचा की नाही हे संस्थेबरोबर आधीच ठरवा. आमच्याकडे संस्थेचा एकच नंबर आहे, तो सुटताना कागदावर मिळतो, माझा नाही. त्या नंबरावर जास्त करून एकच प्रश्न येतो, तो जाड सुती दोरा कुठल्या दुकानात मिळतो. त्या दुकानाचा पत्ता आता आम्ही त्याच कागदावर छापून टाकलाय.